इंग्लंडमधली सॅक्सन काळातली चांदीची पेनी – पहिलं नाणं कुठलं घ्यावं?

रंकाळा_ते_लिंकन

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या नोकरीसाठी इंग्लंडात लिंकनला असतो. घरी वडिलांनी जमवलेल्या शिवराया आणि थोडे मुघल रुपये आहेत, त्यामुळे नाण्यांचा नाद जुनाच, पण इथल्या नाण्यांतलं मला काहीच कळत नाही. मधे इथल्या म्युझियममध्ये लिंकनलाच पाडलेल्या हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या पेनी बघितल्या आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीयेत, आपण रोज ज्या गावात बस पकडतो त्या गावाचं नाव नाण्यावर, तेही १०६६ ला विल्यम नॉर्मंडीहून यायच्या आधीचं, म्हणजे सॅक्सन काळातलं.

बजेट सुरुवातीला ३०० पौंडांपर्यंत. राजाप्रमाणे जमवावं की गावाप्रमाणे? ऑनलाइन एका साइटवर एडवर्ड द कन्फेसर ह्या सॅक्सन राजाची पेनी ६० पौंडांना दिसतीये, फोटोत तर झकास वाटते, ती घ्यावी का? आणि पुढेमागे भारतात परत आलो तर सोबत आणता येतात का? अक्षरं कशी वाचायची तेही कुणीतरी सांगा, कारण मला त्यावर नुसत्या काड्या दिसतात.

सराफकट्टा

६० पौंडांची घेऊ नका. एडवर्डची साधी, बरी वाचता येणारी पेनी सुद्धा चांगल्या डीलरकडे दोनशेच्या खाली सहसा मिळत नाही, मग हा माणूस कशाला स्वस्तात विकेल.

त्याच विक्रेत्याची आधी विकलेली नाणी उघडून बघा. ही सगळी नाणी हातोड्याने एकेक करून ठोकलेली आहेत. एकाच डायमधून (नाणं ठोकायच्या कोरलेल्या ठशातून) निघालेली दोन नाणी मिळू शकतात, त्यात काही वावगं नाही, पण ठोका प्रत्येक वेळी थोडा इकडेतिकडे पडणारच, चकतीचा आकार वेगळा असणार, कडेची चीर वेगळी असणार. दोन नाण्यांवर तीच चीर त्याच जागी, तोच टवका त्याच जागी असेल तर दोन्ही ओतीव, एका अस्सल नाण्यावरून साचा काढून ओतलेली. ओतीव नाण्यावर अक्षरांच्या मधल्या सपाट जागेत बारीक बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा गोलसर, साबण वापरून झिजल्यासारख्या. कडेवर कानस फिरवलेली असते ते वेगळंच. दहापट भिंग घ्या आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, दोन्ही मिळून नाण्याच्या मानाने काहीच खर्च नाही.

जुनी_टाकसाळ

रंकाळावाले, तुम्ही लिंकनला राहता म्हणजे अर्धं उत्तर तिथंच मिळालं. राजाप्रमाणे जमवायला जाल तर दुसऱ्या-तिसऱ्या नाण्यालाच अडकाल, कारण ऑफा, आल्फ्रेड, १०६६ चा दुसरा हॅरल्ड ही सगळी हजारो पौंडांची कामं आहेत. माझं स्पष्ट मत असं की सॅक्सन पेनीची खरी मजा मागच्या बाजूला आहे. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा, तो काही खरा चेहरा नाहीच, सगळ्या देशात एकच ठरलेलं चित्र. मागे मात्र ज्या माणसाने ते नाणं पाडलं त्याचं, म्हणजे मनीयरचं नाव आणि ज्या गावात पाडलं त्या गावाचं नाव. अशी हमी त्या काळात युरोपात दुसरीकडे इतक्या शिस्तीत कुणी दिलेली नाही.

ही शिस्त कशी आली ते थोडं सांगतो कारण त्यावरच कुठलं नाणं घ्यायचं ते ठरतं. चकती रुंद आणि पातळ असलेली पेनी साधारण आठव्या शतकाच्या मध्यानंतर आली, मर्शियाच्या (मध्य इंग्लंडातलं तेव्हाचं राज्य) ऑफा राजाने (७५७ ते ७९६) ती रुजवली, आणि एका पौंडाला २४० पेनी हा हिशेब तर थेट १९७१ पर्यंत चालला. ऑफाच्या काही पेनी त्याच्या राणीच्या, किनेथ्रिथच्या नावाने आहेत, सॅक्सन काळात राणीच्या नावाने नाणी पडली ती एवढीच. मग दहाव्या शतकात अथेलस्टन राजाने ग्रेटली गावी कायदा केला की राज्यात एकच नाणं चालेल आणि ते शहराच्या आतच पाडायचं, खोटं नाणं पाडणाऱ्या मनीयरचा हात तोडून टाकसाळीवर लटकवायचा. त्याच कायद्यात कुठल्या गावाला किती मनीयर हेही दिलंय, लंडनला ८, कँटरबरीला ७, विंचेस्टरला ६ असं.

पण तुमच्या कामाचा राजा एडगर. त्याने ९७३ च्या सुमारास सगळं नाणंच बदललं. तिथून पुढे सगळ्या देशात एक डिझाइन, ते दर काही वर्षांनी बदलायचं, आणि नवीन आलं की लोकांनी जुनं आणून टाकसाळीत बदलून घ्यायचं, त्यात कमी-जास्त होतं तो राजाचा आणि मनीयरचा फायदा. पुढे १०८६ च्या डूम्सडे बुकात (विल्यमने करवलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत) वुस्टरबद्दल नोंदच आहे की नाणं बदललं की प्रत्येक मनीयरने नवीन डाय घेण्यासाठी लंडनला २० शिलिंग द्यायचे. म्हणजे डिझाइन बघितलं की नाणं पाच-सहा वर्षांच्या आत कुठलं ते कळतं. आपल्याकडच्या कितीतरी नाण्यांना एवढी नेमकी तारीख लावता येत नाही.

आता ३०० पौंडांत काय बसतं. एडगरनंतर थोड्याच वर्षांनी आलेला दुसरा एथेलरेड (९७८ ते १०१६) आणि त्यानंतरचा डॅनिश राजा कनूट, ह्या दोघांची नाणी सगळ्यात जास्त मिळतात. एथेलरेडचे प्रकार लक्षात ठेवायचे तर क्रक्स (साधारण ९९१ ते ९९७), लाँग क्रॉस (९९७ ते १००३), हेल्मेट (१००३ ते १००९) आणि लास्ट स्मॉल क्रॉस. कनूटचे तीन मुख्य, क्वाटरफॉइल, पॉइंटेड हेल्मेट आणि शॉर्ट क्रॉस. माझा सल्ला एथेलरेडचा लाँग क्रॉस, लिंकनचा. लंडन, यॉर्क, लिंकन, विंचेस्टर ह्या तेव्हाच्या मोठ्या टाकसाळी, त्यामुळे लिंकनचं नाणं दुर्मिळ नाही आणि किंमत वाजवी राहते.

वाचायचं असं. पुढे डावीकडे बघणारा चेहरा, डोक्यावर मुकुट नाही, केस काट्यांसारखे उभे. वर जिथे छोटा क्रॉस आहे तिथून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने एथेलरेड रेक्स अँग्लो असं वाचत जायचं. पहिलं अक्षर ए आणि ई जोडून केलेलं, त्याच्या पुढे डी सारखं पण मधे आडवी रेघ असलेलं. मागे दुहेरी रेघांचा मोठा क्रॉस, त्याचे हात थेट कडेपर्यंत गेलेले आणि प्रत्येक टोकाला तीन तीन चंद्रकोरी. त्या हातांमुळे अक्षरांचे चार तुकडे पडतात म्हणून तुम्हाला काड्या दिसतात. तुकडे जोडून आधी माणसाचं नाव, मग एम आणि ओ, म्हणजे मनीयर, आणि शेवटी गाव. लिंकन, लंडन ही सोपी आहेत. यॉर्कचं नाव इ-ओ-एफ असं सुरू होतं. इंग्रजी पी सारखं अक्षर दिसलं तर ते व वाचायचं, हे कळलं नाही तर विंचेस्टरचं नाणं हातात धरून पी ने सुरू होणारं गाव शोधत बसाल.

आणि ह्या प्रकाराचा इतिहास फार जिव्हारी लागणारा आहे. ९९१ ला मॉल्डनच्या लढाईत हरल्यावर इंग्रजांनी व्हायकिंगांना पहिल्यांदा मोठी खंडणी दिली, १०,००० पौंड, हा आकडा अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल ह्या तेव्हाच्या वर्षवार बखरीतला. पौंडाला २४० ने गुणलं तर २४ लाख पेनी. ९९४ ला १६,०००, १००२ ला २४,००० पौंड. एवढं चांदीचं नाणं पाडलं गेलं ते पुष्कळसं देशाबाहेर देण्यासाठी. म्हणूनच ह्या काळातली इंग्लिश पेनी इंग्लंडपेक्षा स्वीडनकडे जास्त सापडलीये, त्यातही गॉटलंड बेटावर.

पद्मटंका

टाकसाळ काकांचं बरंचसं पटलं, पण एक वेगळा रस्ता सांगतो. पहिलंच नाणं ३०० पौंडांचं कशाला, हात बसेपर्यंत लहान घ्या. पेनीच्या आधीचे स्कीट म्हणून छोटे जाडसर चांदीचे तुकडे असतात, साधारण सातव्या शतकाच्या शेवटापासूनचे, वजन एक ग्रॅमच्या आसपास, त्यांच्यावर पक्षी, साप, चेहरे असलं काय काय असतं आणि बहुतेकांवर राजाचं नावच नसतं. ते पेनीपेक्षा स्वस्त मिळू शकतात. त्याहून स्वस्त हवं तर नॉर्थंब्रिया ह्या उत्तरेकडच्या राज्याचे नवव्या शतकातले स्टायका, ते तांब्याच्या मिश्रणाचे, ५० पौंडांच्या आत बऱ्यापैकी येतात. किंवा कापलेली अर्धी पेनी घ्या. त्या काळात सुट्टे म्हणून पेनीच क्रॉसच्या रेघेवर कापून अर्धी किंवा पाव करून वापरायचे, गोल फार्दिंग (पाव पेनीचं नाणं) नियमित यायला १२७९ उजाडलं. अर्धुकावर कधी अर्धंच गाव वाचता येतं पण हातात अस्सल चांदी आणि अस्सल व्यवहार असतो.

आणि राजे अगदीच सोडून देऊ नका हो. व्हायकिंगांनी ८६९ मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला, आणि पंचवीस-तीस वर्षांत त्याच प्रदेशातल्या डॅनिश राज्यात संत एडमंडच्या नावाने पेनी पडायला लागल्या. मारलं कुणी आणि नाव कोरलं कुणी! लँकशरमध्ये १८४० ला कुअरडेलला जो मोठा हंडा सापडला त्यात ही नाणी ढिगाने होती, सोबत बगदादकडचे दिरहम पण. बजेट थोडं वाढलं की माझी पसंती त्यालाच.

आपल्याकडचा धागा कुणाला हवा असेल तर आल्फ्रेडच्या बाबतीत क्रॉनिकलमध्ये ८८३ च्या नोंदीत आहे की सिगेहेल्म आणि अथेलस्टन नावाच्या दोघांनी राजाचं दान रोमला आणि पुढे भारतात संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यूकडे नेलं. काही अभ्यासक म्हणतात की मुळात तिथे जुडिया असावं, नकलणाऱ्याने चुकवलं. पण नोंद आहे, आणि मला ती फार आवडते.

जुनी_टाकसाळ

एडमंडबद्दल एकदम मान्य, सुंदर नाणं आहे ते. पण पद्मटंका, त्यातली बरीच नाणी अक्षरांनी इतकी वेडीवाकडी असतात की शिकायला कठीण. नवशिक्याने आधी असं नाणं घ्यावं जे स्वतः वाचता येतं, त्याशिवाय गोडी लागत नाही. कापलेल्या अर्ध्या पेनीला मात्र माझं पूर्ण अनुमोदन.

नॉरफोक_ताई

मी पंधरवड्यातून एकदा शेतात जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन जाते त्यामुळे कायद्याचं मी सांगते, कारण इथे फोरमवर लोक ह्या बाजूकडे दुर्लक्ष करतात आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. एकाच जागी ३०० वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त नाणी सापडली आणि त्यात सोनं किंवा चांदी निदान १० टक्के असेल तर तो खजिना, १४ दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवायचं. एकटं नाणं बहुतेक वेळा खजिन्यात धरत नाहीत, पण तेही पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या) अधिकाऱ्याला दाखवून नोंदवता येतं, आणि सॅक्सन नाणी केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमच्या यादीतही चढतात, तिला सगळे ईएमसी म्हणतात. शेतमालकाची परवानगी हवीच, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर तर मशीन न्यायचंच नाही.

नोंदवण्याने काय होतं ते बघा. २०१५ ला ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनला हंडा सापडला, तो नीट कळवला, म्युझियमच्या लोकांनी माती सकट उचलून प्रयोगशाळेत उकलला, आणि त्यातून दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्याचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा दुसरा केओलवुल्फ हे दोघे एकच डिझाइन एकत्र वापरत होते हे अगदी ठसठशीत पुढे आलं. त्या केओलवुल्फला नंतरच्या लिखाणात नुसता व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून टाकून दिलं होतं. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनने तो हंडा १३.५ लाख पौंडांना घेतला, पैसे सापडवणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळाले. त्याच वर्षी लेमिन्स्टरजवळ तसल्याच काळाचा हंडा सापडला, तो लपवून फोडून विकला गेला, माणसं तुरुंगात गेली, आणि त्यातली बरीचशी नाणी अजून कुठे आहेत ते कळलेलं नाही. त्यात कुठलं नाणं कुठल्याशेजारी होतं हे आता कुणालाच कधी कळणार नाही. कुठून आलं हे न विचारता स्वस्तात घेणारा माणूस ह्याच बाजाराला पैसे पुरवतो.

म्हणून दादा, विकत घेताना विचारा की आधी कुणाकडे होतं, कुठल्या लिलावात विकलं होतं, जमिनीतून निघालं असेल तर नोंद क्रमांक आहे का. भारतात नेण्याचं म्हणाल तर ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली जुनी वस्तू असेल तर किंमत कितीही कमी असो, देशाबाहेर नेताना एक्सपोर्ट लायसन्स लागतं, ते आर्ट्स कौन्सिलकडून मिळतं. चांगला डीलर स्वतःच अर्ज करून देतो. आणि एकदा भारतात आणलं की परत बाहेर न्यायचा विचार असेल तर आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून ठेवा, त्यात १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू होतं.

सराफकट्टा

ताई, हे वरती पिन करायला पाहिजे.

रंकाळा_ते_लिंकन

सगळ्यांचे खूप आभार. ती ६० पौंडांची सोडली, त्या माणसाने आधी विकलेल्या दोन नाण्यांवर कडेला अगदी तीच चीर होती.

शनिवारी एका डीलरकडे जाऊन बसलो. लाँग क्रॉस दाखवला, लिंकनचा, २८५ पौंड सांगतोय. मी स्वतः वाचलं! मागे कॉलग्रिम, मग एम ओ, मग एल आय एन सी. वजन त्याने समोर केलं, १.४६ ग्रॅम. जुन्या संग्रहातलं आहे म्हणाला आणि सोबत हाताने शाईत लिहिलेलं चौकोनी जुनं तिकीट आहे. पण दोन गोष्टींनी अडलोय. मागच्या बाजूला क्रॉसच्या कोपऱ्यात सुरीच्या टोकाने उचकटल्यासारखे पाच-सहा बारीक ओरखडे आहेत, छोटी छोटी चांदीची टोकं वर आलीयेत. आणि नाणं किंचित वाकलंय, टेबलावर ठेवलं की एका बाजूने उचललेलं दिसतं. हे खराब धरायचं का? सरळ करून घेता येईल का?

जुनी_टाकसाळ

घ्या!! ते ओरखडे म्हणजे पेकिंग. व्हायकिंगांच्या मुलखात चांदी वजनावर चालायची, नाण्यावर कुठल्या राजाचं तोंड आहे ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यामुळे घेणारा सुरीचं टोक खुपसून आत खरंच चांदी आहे का ते बघायचा, वाकवूनही बघायचा. तुमच्या घरी मुघल रुपये आहेत ना, त्यांच्यावर सराफांनी पारखून मारलेले बारीक ठसे असतात, हे तसंच काम. एकाच नाण्यावर पाच-सहा खुणा म्हणजे ते बऱ्याच हातांतून फिरलं, आणि बहुधा उत्तरेकडे समुद्रापार जाऊन आलं. किमतीत अशा खुणांनी थोडा फरक पडतो, निर्मळ नाणं महाग जातं, पण २८५ ला हे मला योग्य वाटतं आणि मी तर मुद्दाम खुणांचंच शोधतो.

कॉलग्रिम हे नाव पण बघा, ते इंग्रजी नाही, उत्तरेकडचं स्कँडिनेव्हियन नाव आहे. लिंकन-यॉर्कच्या बाजूला डॅनिश लोक शंभर वर्षं आधीच स्थायिक झालेले, त्यामुळे तिथल्या मनीयरांत कॉलग्रिम, ड्रेंग अशी नावं भरपूर. एथेलरेडने १००२ मध्ये राज्यातल्या डॅनिश लोकांना मारायचा हुकूम काढला, सेंट ब्राइस डे म्हणतात तो, आणि त्याच सुमाराला त्याची नाणी डॅनिश नावाचा माणूस लिंकनला पाडत होता. हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर नुसतं वाचलं असतं, तुमच्या हातात ते १.४६ ग्रॅममध्ये आहे.

सरळ अजिबात करू नका, कुणाला करूही देऊ नका. हजार वर्षं जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, वाकवलं की कडेपासून तडा जातो आणि कधी कधी सरळ दोन तुकडे. घरचा चांदीचा उपाय तर मुळीच नको, चिंच नको, लिंबू नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको. त्यावर जो करडा-काळसर थर आहे तो राहू द्या, फोटो काढताना दिवा बाजूने तिरका धरा म्हणजे अक्षरं उठून दिसतील.

पद्मटंका

अभिनंदन रंकाळावाले! आता लिंकनचेच वेगवेगळे मनीयर जमवा, मस्त रांग लागेल. आणि जमलं तर लिंकनशरमधलंच टॉर्कसी, तिथेही टाकसाळ होती, पण ते नाणं फार क्वचित येतं. सॉमरसेटमधलं कॅडबरी तर माझं स्वप्न आहे. एथेलरेडच्या शेवटच्या काळात हल्ले वाढल्यावर तिथल्या जुन्या डोंगरी किल्ल्याला नवीन तट बांधून टाकसाळच वर गडावर हलवली, आणि कनूटच्या सुरुवातीला परत बंद झाली.

रंकाळा_ते_लिंकन

डीलरला होय म्हणून मेल केला आत्ताच. गडावरची टाकसाळ वाचून तर काटा आला अंगावर. ठेवायचं कशात? माझ्याकडे शिवरायांचा प्लॅस्टिक पाकिटांचा अल्बम आहे.

नॉरफोक_ताई

त्या अल्बममध्ये नको, मऊ पीव्हीसीची पाकिटं असतील तर काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, शिवराया पण त्यातून काढा. ॲसिड नसलेल्या कागदाचं छोटं पाकीट घ्या, आणि कडेला धरूनच हाताळा, ही नाणी फार पातळ आहेत. शाईने लिहिलेलं जुनं तिकीट त्याच पाकिटात नाण्याच्या मागे ठेवा, ते हरवू देऊ नका, आणि तुम्ही कुणाकडून, कधी, कितीला घेतलं ते दुसऱ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. बिलावर मनीयर, टाकसाळ आणि वजन लिहून मागा. नाणं आलं की पुढचा मागचा फोटो आणि वजन घेऊन ईएमसीच्या यादीत ताडून बघा, त्याच डायचं दुसरं नाणं नोंदलेलं असेल तर सापडेल.